वचनाखालची सही

चैत्राच्या पालवीबरोबर आपल्याकडे दरवर्षी आणखी एक नवे वर्ष उगवते. त्याला ना गुढी, ना तोरण, ना कडुनिंबाची चटणी. 31 मार्चच्या रात्री बँकांच्या शाखांमधले दिवे उशिरापर्यंत जळत असतात. शटर अर्धे खाली ओढलेले, आत चहाचे कागदी पेले आणि जुळत नसलेल्या एका आकड्याच्या मागे लागलेली चार माणसे. पेढ्यांतून, सोसायट्यांच्या कचेऱ्यांतून, सीए मंडळींच्या खोल्यांतून ‘मार्चएण्ड’चा तो ओळखीचा शीण भरून राहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी, 1 एप्रिलला, बँका हिशेबासाठी गिऱ्हाइकांना बंद असतात आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेचा आज वाढदिवस आहे हे कुणाच्या फारसे ध्यानातही येत नाही. 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय तेव्हा कलकत्त्यात होते. 1937 मध्ये ते कायमचे मुंबईत आले. गंमत अशी की जन्म 1 एप्रिलचा असूनही या बँकेने आपला स्वतःचा ताळेबंद अनेक दशके वेगळ्याच तिथीला मांडला. आधी तिचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे, मग 1940 पासून जुलै ते जून झाले. देशाचे वर्ष एप्रिलच्या उन्हात पालटायचे आणि देशाच्या बँकेचे भर पावसाळ्यात. 2020-21 पासून ही फारकत मिटली. आता जन्मदिवस आणि वर्षारंभ एकाच दिवशी येतात, आणि जुनी वही मिटून नवी उघडताना या नव्वदी ओलांडलेल्या संस्थेकडे जरा निवांतपणे पाहण्याचे निमित्त आपल्याला आपोआप मिळते.

पाहायचे कुठून? खिशातल्या नोटेपासूनच सुरुवात करावी. शंभराच्या नोटेच्या मागच्या बाजूला भाषांच्या रकान्यात आपल्या मराठीतले ‘शंभर रुपये’ असतात. दर्शनी बाजूला मात्र हिंदी आणि इंग्रजीत एक वचन लिहिलेले असते, की मी धारकास एवढी रक्कम अदा करीन, आणि त्या वचनाखाली गव्हर्नरांची सही. हे वचन देण्याचा अधिकार 1935 पासून आजवर सव्वीस जणांना मिळाला. त्यांतल्या सगळ्यांना सहीचे भाग्य लाभले असेही नाही. पहिले गव्हर्नर सर ऑसबॉर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या नोटा निघाल्या 1938 मध्ये, आणि तोवर त्यांच्या जागी सर जेम्स टेलर आले होते. के. जी. आंबेगावकर 1957 मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्यांची सही रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर सापडत नाही, ती सापडते एक रुपयाच्या नोटेवर. ती नोट सरकारची, तिच्यावर अर्थसचिव सही करतो, आणि आंबेगावकर आधी अर्थसचिव होते. पुढे या दोन्ही पदांवर राहिलेल्या मनमोहन सिंग यांच्या सहीच्या दोन्ही प्रकारच्या नोटा जुन्या नाण्या-नोटांच्या हौशी संग्राहकांकडे आजही दिसतात.

ही सही करणारा माणूस कोणत्या वाटेने इथवर येतो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपण स्थळ आले की आधी शिक्षण विचारणारी माणसे. नवा गव्हर्नर जाहीर झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याच्या पदव्यांची रांग छापून येते आणि आपण ती दहावीच्या गुणपत्रिकेसारखी वर-खाली वाचतो. कायद्याने मात्र आपल्याला या बाबतीत काहीच हाताशी दिलेले नाही. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्यात गव्हर्नर सरकारने नेमावा, त्याची मुदत पाच वर्षांहून अधिक नसावी, फेरनेमणुकीला हरकत नसावी, एवढे आहे. तो काय शिकलेला असावा, कुठे काम केलेला असावा, याविषयी कायदा मौन पाळतो. तलाठ्याच्या भरतीला पदवी लागते, बँकेत कारकून व्हायचे तर पदवी लागते, आणि त्या साऱ्या बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला कायद्याने कोणतीही अट नाही. हे वाचून प्रथम आश्चर्य वाटते; मग सव्वीस जणांच्या वाटा पाहू लागलो की त्या मौनात थोडे शहाणपण असावे, असेही वाटू लागते.

कारण या वाटा खरोखरच एकसारख्या नाहीत. स्मिथ हे हाडाचे बँकर. ऑस्ट्रेलियातल्या दोन बँकांमध्ये मिळून त्यांनी तीस वर्षे काढली आणि 1926 मध्ये ते इम्पीरियल बँकेचे प्रमुख म्हणून हिंदुस्थानात आले. त्यांच्यानंतर जी वाट रुळली ती सनदी नोकरीची. टेलर, चिंतामणराव देशमुख, बेनेगल रामा राव, आंबेगावकर, एच. व्ही. आर. अय्यंगार, लक्ष्मीकांत झा, एस. जगन्नाथन हे सारे आयसीएस. पुढच्या काळात त्यांच्या जागी आयएएस आले. सगळे सरकारी सेवेतले मोजले तर संख्या निम्म्याच्या वर जाते. मधूनच एखादी अनपेक्षित वाट येऊन मिळते: पी. सी. भट्टाचार्य लेखापरीक्षण खात्यातले, के. आर. पुरी आयुर्विमा महामंडळातून आलेले, अमिताव घोष अलाहाबाद बँकेचे अध्यक्ष राहिलेले. (घोष यांची कारकीर्द वीसेक दिवसांची, त्यांच्याविषयी याहून अधिक लिहायला इतिहासाने जागाच ठेवली नाही.) आणि मग प्राध्यापकी परंपरेतले अर्थशास्त्रज्ञ. बडोद्याचे आय. जी. पटेल केंब्रिजला शिकले आणि गव्हर्नरपदानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले, सी. रंगराजन पेनसिल्व्हेनियाची डॉक्टरेट घेऊन अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकवत होते. बिमल जालान, रघुराम राजन, उर्जित पटेल यांची नावे तर आपल्या आठवणीत अजून ताजी आहेत. पदव्यांचा भूगोल पाहिला तर आधी केंब्रिज, मग अमेरिका, आणि अलीकडे त्याच्या आधी आयआयटी असे एक सरकते वळण दिसते. डी. सुब्बाराव खरगपूर आणि कानपूरच्या आयआयटींत भौतिकशास्त्र शिकले, राजन दिल्लीच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी, आणि 2024 च्या डिसेंबरात पदावर आलेले संजय मल्होत्रा कानपूरला संगणकशास्त्र आणि पुढे प्रिन्स्टनला सार्वजनिक धोरण.

या साऱ्यांत आपले मन ज्याच्यापाशी रेंगाळावे असा माणूस एकच, आणि तो केवळ आपल्या मातीचा म्हणून नव्हे. चिंतामणराव देशमुखांचा जन्म 1896 चा, महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नाते या गावचा. 1912 च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. इथून पुढे आजच्या हिशेबाने पाहिले तर त्यांची वाट पुरती चुकलीच म्हणायची. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात ते गेले ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकायला, आणि 1917 मध्ये वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. 1918 च्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली जिल्ह्यांची नोकरी, मुलकी कारभार, जमाबंदी, अर्थखाते. रिझर्व्ह बँकेत ते 1939 मध्ये आले तेव्हा त्यांचे काम होते सरकार आणि बँक यांच्यात दुवा राखण्याचे. काही महिन्यांत ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले, 1941 च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर, आणि टेलर यांच्या निधनानंतर 1943 च्या ऑगस्टात या पदावर बसलेले पहिले भारतीय.

पुढच्या सहा वर्षांत त्यांच्यापुढे जे आले ते कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नव्हते. महायुद्धातली महागाई आली; 1944 मध्ये ब्रेटन वूड्सच्या परिषदेत हिंदुस्थानची बाजू मांडायचे काम आले; मग फाळणी आली आणि एका बँकेने दोन देशांची तिजोरी सांभाळायची वेळ आली. पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही रिझर्व्ह बँकच 30 जून 1948 पर्यंत काम करीत होती, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. फाळणीत सैन्य वाटले गेले, रेल्वेचे डबे वाटले गेले, कचेऱ्यांतली टेबले-खुर्च्यासुद्धा वाटल्या गेल्या. चलन आणि देणी-घेणी वाटण्याचे काम त्यांत सर्वांत किचकट आणि सर्वांत कडू. 1 जानेवारी 1949 रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही गव्हर्नर तेच होते. हाच माणूस कालिदासाचे मेघदूत मराठीत आणतो आणि गांधीजींच्या वचनांना संस्कृत श्लोकांत बसवतो. तेव्हा वनस्पतिशास्त्राचा या सगळ्याशी संबंध काय, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर असे की थेट संबंध काहीच नाही. मात्र ज्या मनाला पानाफुलांचे वर्गीकरण, पाणिनीची सूत्रे आणि जमाबंदीचे कागद सारख्याच निष्ठेने वाचायची सवय लागली होती, ते मन ताळेबंदाला घाबरले नाही, एवढे नक्की.

देशमुखांनंतर मराठी आडनावे या पाटीवर आली ती पाहुण्यासारखी. आंबेगावकरांचा उल्लेख वर आलाच, बी. एन. आडारकर 1970 मध्ये दीड महिन्याच्या आसपास राहिले. आडारकर तर सरकारच्या आर्थिक सल्लागार कार्यालयात आणि नाणेनिधीत मुरलेले पक्के अर्थतज्ज्ञ. खुर्ची त्यांना मिळाली ती पुढचा गृहस्थ येईपर्यंत. पुण्याच्या बीएमसीसीचे प्राचार्य द. गो. कर्वे 1962 मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. ग्रामीण पतपुरवठ्याची ती प्रसिद्ध अखिल भारतीय पाहणी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ज्या समितीने केली, तीत धनंजयराव गाडगीळ होते. आणि हे तेच गाडगीळ, जे त्याच काळात प्रवरेच्या साखर कारखान्याचे अध्यक्षपदही सांभाळत होते. सावकाराच्या वहीत शेतकरी का अडकतो हे प्रवरेच्या काठी उभे राहून पाहिलेला अर्थशास्त्रज्ञ रिझर्व्ह बँकेच्या उंबऱ्यापर्यंत आला. त्याच्यासारखा माणूस आतल्या मोठ्या खुर्चीत मात्र कधी बसला नाही, याची रुखरुख आपल्याला वाटली तर ती निव्वळ प्रांतिक अभिमानाची म्हणून झटकून टाकू नये.

पदवी आणि परीक्षा यांचा मेळ या खुर्चीत क्वचितच बसतो. अय्यंगार हे गृहखात्याचे सचिव राहिलेले सनदी अधिकारी, स्टेट बँकेच्या अध्यक्षपदावरून इकडे आले. त्यांच्या वेळी, 1960 मध्ये, केरळची पालई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. ठेवीदारांची रांग हा काय प्रकार असतो ते तेव्हा देशाने पाहिले. त्यातून ठेव विम्याची कल्पना कागदावरून उठली आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले. संरक्षण होते दीड हजार रुपयांचे, आज ते पाच लाखांचे आहे. आपल्या आजी-आजोबांची पिढी पैसे बँकेत ठेवायला का कचरत होती, हे अकोल्याच्या बाजूच्या जुन्या घरांतून आजही ऐकायला मिळू शकेल. एस. वेंकिटरमणन हे भौतिकशास्त्राचे पदवीधर. 1991 च्या जुलैत बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे सुमारे 47 टन सोने तारण ठेवून डॉलर उभे करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. अठरा वर्षांनी, 2009 मध्ये, रिझर्व्ह बँकेनेच नाणेनिधीकडून 200 टन सोने विकत घेतले तेव्हा तिथे दुसरे भौतिकशास्त्रज्ञ, सुब्बाराव, बसलेले होते. घरातले सोने गहाण टाकणे आणि नवे सोने घेणे यांतला फरक आपल्याला कुणी अर्थशास्त्रातून समजावून सांगायला नको. याच सुब्बाराव यांनी 5 सप्टेंबर 2008 ला सूत्रे हाती घेतली आणि दहा दिवसांत अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली. आधीच्या गव्हर्नरांनी, वाय. व्ही. रेड्डी यांनी, बांधकाम क्षेत्राच्या कर्जांवर बँकांना जादा भांडवल बाजूला काढायला लावले होते, तेव्हा त्यांना अतिसावध म्हणून नाके मुरडली गेली होती. 2008 नंतर तीच सावधगिरी दूरदृष्टी ठरली. रेड्डी हे आयएएस, आणि डॉक्टरेट उस्मानिया विद्यापीठाची.

शक्तिकांत दास 2018 मध्ये आले तेव्हा त्यांच्या इतिहासातल्या एम.ए.वर आपल्याकडे किती विनोद झाले ते आठवून पाहावे. विनोद करणाऱ्यांत अर्थशास्त्रात पदवी नसलेलेही बरेच होते! दासांच्या कारकिर्दीची निर्भेळ स्तुती करावी असे नाही; पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबई-ठाण्याच्या हजारो कुटुंबांना आपल्याच खात्यातून सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, आणि ती बँक इतकी पोखरली जाईपर्यंत देखरेख करणाऱ्यांना कळले कसे नाही, हा प्रश्न अजून जागचा हललेला नाही. पण महासाथीच्या काळात कर्जहप्त्यांना दिलेली सवलत आणि चार टक्क्यांवर आणलेला रेपो दर यांचे मूल्यमापन त्या निर्णयांवरून करावे लागेल. इतिहासाची एम.ए. त्यात कुठे आड आली असे कुणाला दाखवता आलेले नाही. बाहेरच्या जगात तरी काय वेगळे आहे? बँक ऑफ इंग्लंडचे सूत्रधार म्हणून दोन तपे गाजलेले माँटेग्यू नॉर्मन केंब्रिजमधून वर्षभरात बाहेर पडले होते, आणि आपल्या काळात अमेरिकेची आणि युरोपची मध्यवर्ती बँक सांभाळलेले जेरोम पॉवेल, क्रिस्तिन लगार्द हे दोघेही मुळात वकील.

या नव्वद वर्षांच्या वहीत एक पान असे आहे की तिथे थांबल्यावाचून पुढे जाववत नाही. 1955 च्या जानेवारीत सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक साधा वाटणारा व्यवहार ठरला. सरकारच्या खात्यातली शिल्लक ठराविक पातळीखाली गेली की बँकेने ‘ॲड हॉक’ ट्रेझरी बिले घ्यावीत आणि खाते भरून द्यावे. तात्पुरती सोय म्हणून ती ठीकच होती. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की सरकारला तूट आली, की बँकेने पैसा निर्माण करायचा, असा शिरस्ताच पडला. आणि त्याची किंमत महागाईच्या रूपाने आपण सारे मोजत राहिलो. ही सोय सुरू झाली तेव्हा अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव देशमुख, म्हणजे आदल्याच दशकात गव्हर्नर राहिलेले. आणि 1994 च्या सप्टेंबरात ही वाट टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला तेव्हा अर्थमंत्री होते मनमोहन सिंग, तेही माजी गव्हर्नर, समोर रंगराजन. दार कायमचे लागले ते 1 एप्रिल 1997 रोजी, रिझर्व्ह बँकेच्या बासष्टाव्या वाढदिवशी. दोघेही माजी गव्हर्नर, दोघेही केंब्रिजचे, दोघांच्या प्रामाणिकपणाविषयी शत्रूनेही शंका घेऊ नये. एकाच्या काळात दार उघडले, एकाच्या काळात मिटले. देशमुखांना दोष देण्यासाठी हे सांगायचे नाही, कारण हे दार इतके रुंद होईल हे 1955 मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पण माणसाच्या शिक्षणावरून त्याच्या निर्णयांचे भाकीत करायला बसणाऱ्यांनी हे पान एकदा वाचावे.

मग माणसाच्या पूर्वायुष्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो पदव्यांच्या रांगेत शोधून सापडत नाही. या खुर्चीत बसलेल्यावर कधी ना कधी अशी वेळ येते की समोरून दिल्लीचा सूर चढलेला असतो आणि नाही म्हणावे लागते. तेव्हा त्याच्याजवळ मागे वळून जायला स्वतःचे काही आहे का, यावर बरेच अवलंबून असते. स्मिथ यांचे व्याज आणि विनिमय दरावरून सरकारशी बिनसले आणि ते मुदतीआधीच निघून गेले. रामा राव हे सर्वाधिक काळ टिकलेले गव्हर्नर; 1956 च्या अखेरीस हुंड्यांवरील मुद्रांक शुल्काच्या प्रस्तावावरून त्यांचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी खटके उडाले, रिझर्व्ह बँक म्हणजे अर्थखात्याचाच एक भाग अशी भाषा त्यांना ऐकून घ्यावी लागली, पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली, आणि 1957 च्या जानेवारीत साडेसात वर्षे गव्हर्नर राहिलेला माणूस बाहेर पडला. आंबेगावकरांचा दीड महिना जो आला तो यामुळे. उर्जित पटेल यांनी 10 डिसेंबर 2018 ला वैयक्तिक कारण देऊन पद सोडले. राजन मुदत संपताच शिकागोच्या वर्गावर परत गेले. यांत एक बँकर, एक आयसीएस, दोन अर्थशास्त्रज्ञ. म्हणजे बाणेदारपणाची मक्तेदारी कोणत्याही एका वाटेकडे नाही. देशमुखांनी मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली तेव्हा अर्थमंत्रिपद सोडले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ अशी अनेक कामे उभी केली. त्यांच्याजवळ संस्कृत होते, विज्ञान होते, कामाची अफाट ताकद होती. लाल दिवा गेला म्हणून ज्याचे काहीच जात नाही, असा माणूस.

तरीही सगळा भार एका माणसाच्या बाण्यावर टाकणे धोक्याचेच, हे आपल्याला फार पूर्वी एका मराठी माणसाने बजावून ठेवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 चा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी केलेले ते काम. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली, आणि मध्यवर्ती बँक काढण्याची शिफारस याच आयोगाने केली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे आपल्याकडे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. ते काही खरे नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला अशा टेकूची गरजही नाही. त्यांचे खरे म्हणणे त्याहून टोकदार होते. चलन किती काढायचे हे चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका, ते नियमाने बांधा, असा त्यांचा आग्रह होता. चालवणारा किती शिकलेला आहे यापेक्षा त्याचे हात कशाने बांधले आहेत, हा त्यांचा प्रश्न. ज्याच्या स्वतःकडे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या त्याने असे म्हणावे, यात मोठा अर्थ आहे. सुवर्णाशी चलन जोडण्याचे त्यांचे उत्तर काळाबरोबर मागे पडले. पण 2016 मध्ये कायद्याने सहा जणांची पतधोरण समिती आली, चार टक्के महागाईचे आणि वर-खाली दोन टक्क्यांच्या मुभेचे उद्दिष्ट आले, मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे निर्णायक मत एवढेच उरले, तेव्हा एकट्याची मर्जी आणि बांधलेला नियम यांतला तो जुना वाद निराळ्या रूपाने मार्गी लागला. 2022 मध्ये महागाई सलग तीन तिमाह्या सहा टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा ती का राहिली याचे पत्र रिझर्व्ह बँकेला सरकारकडे धाडावे लागले. ते पत्र आपल्यापुढे आले नाही. ज्यांच्या वाणसामानाच्या यादीने ती महागाई सोसली त्यांना ते वाचायला मिळायला हवे होते.

वर्षारंभी जमा बाजू वाचताना नावेची बाजूही वाचायची असते. सव्वीस गव्हर्नरांत एकही स्त्री नाही. डेप्युटी गव्हर्नरपदापर्यंत किशोरी उदेशी 2003 मध्ये पोचल्या, पाठोपाठ श्यामला गोपीनाथ आणि उषा थोरात. तिघीही रिझर्व्ह बँकेतच वाढलेल्या, आणि तिघींची वाट तिथेच संपली. 2025 मध्ये अर्थशास्त्रज्ञ पूनम गुप्ता डेप्युटी गव्हर्नर झाल्या. दुसरी उणीव याहून विचित्र. ज्या बँकेने हजारो अधिकारी घडवले, तिने आपल्या घरातल्या माणसाला मोठ्या खुर्चीत आजवर एकदाच बसलेले पाहिले. एम. नरसिंहम आर्थिक विभागात संशोधन अधिकारी म्हणून लागले होते. 1977 मध्ये ते गव्हर्नर झाले आणि सात महिन्यांत त्यांची कारकीर्द संपली. पुढे 1991 आणि 1998 मध्ये बँकिंग सुधारणांचे दोन अहवाल त्यांच्याच नावाने ओळखले गेले. आपल्या बँकांचे आजचे रूप बरेचसे त्या अहवालांतून आले. म्हणजे योग्यतेचा प्रश्न नव्हता. नेमणूक करणाऱ्यांना आपल्या परिचयातला, सचिवालयाच्या रीतीभाती जाणणारा माणूस बरा वाटतो, आणि कायद्याच्या मौनाचा फायदा बहुतेक वेळा त्यालाच मिळतो. विविध वाटांचे आपण जे कौतुक केले, त्या वाटा दिल्लीच्या एकाच नाक्यावरून येतात, हेही नोंदवायला हवे.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये या क्षणीही रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली बसलेली असतील. कुणी बीडहून आलेले, कुणी चंद्रपूरहून, मेसचा डबा बाजूला ठेवून पतधोरणाच्या टिपणांवर रेघा ओढणारे. त्यांच्यातली काही मिंट रोडच्या त्या इमारतीत रुजू होतील, तीस-पस्तीस वर्षे बँकांची दप्तरे तपासतील, नोटांचा साठा मोजतील, महागाईचे अंदाज बांधतील. डेप्युटी गव्हर्नरपदाच्या दोन जागा प्रथेने आतल्यांसाठी असतात, हे त्यांना पाठ आहे. विद्यमान गव्हर्नरांची नेमणूक तीन वर्षांची, म्हणजे 2027 च्या डिसेंबरापर्यंतची. पुढचे नाव ठरवताना आतल्या यादीकडेही कुणी पाहणार आहे का, हे सरकारला आतापासून विचारत राहण्याचे काम आपले आहे.